वरून ठीक दिसतं

आमचे हे क्रेन चालवतात. साठ मीटर उंचीवर एक माणूस आणि एक डबा मावेल एवढी केबिन, तीत सकाळी सातला चढतात ते पाळी संपली की उतरतात. मी रफू करते. खिडकीपाशी टेबल, टेबलावर दिवा, दिव्याखाली भिंग आणि भिंगाखाली कोणाच्या तरी कोटाचं बोटभर भोक. त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि एकेक विणत ते बुजवायचं. कोटाचा मालक लग्नाला चाललाय की मयताला, मला ठाऊक नसतं आणि मी विचारतही नाही.

"तुला भोकापलीकडचं जग दिसत नाही," हे म्हणायचे. मी म्हणायचे, "तुम्हाला जगातली भोकं दिसत नाहीत." सत्तावीस वर्षं हा एकच विनोद आम्ही पुरवून पुरवून वापरला.

मध्ये आमची लेक. एकुलती एक, चोवीस वर्षांची, मुलखाची अबोल. एका विमा ऑफिसात कामाला होती. सकाळी नऊला डबा घेऊन जायची, सहाला रिकामा डबा घासायला टाकायची. अडीच महिन्यांपूर्वी म्हणाली, दुसऱ्या शहरात बदली झाली. एक बॅग घेतली आणि गेली. दर रविवारी फोन, त्यात दोन शब्द, "ठीक आहे."

"पोरगी मार्गी लागली," हे म्हणाले. "वरून बघितलं तर सगळं ठीकच आहे." घर मला खायला उठलं होतं. पण लेक गेल्यावर ते कोणत्या आईला उठत नाही, असं म्हणून मी भिंगात डोकं घातलं.

परवा शनिवारी तिच्या ऑफिसातली एक मुलगी पुठ्ठ्याचं खोकं घेऊन दारात आली. "काकू, आमचं ऑफिस हलतंय. तिच्या खणातलं सामान राहिलं होतं. ती न्यायला आलीच नाही."

"येईल कशी? बदली झाली ना तिची."

मुलगी गडबडली. "बदली? तिला काढलं, काकू. सात महिने झाले." मग जीभ चावून पाणीसुद्धा न पिता गेली. खोक्यात एक कप, एक कंगवा आणि जुन्या चपला होत्या.

दुपारी हे पाळी संपवून आले. मी उंबऱ्यातच गाठलं. "वरून सगळं ठीक दिसतं ना तुम्हाला? मग हे बघा!"

त्यांनी खोकं बघितलं, ऐकून घेतलं आणि हात न धुताच खाली बसले. म्हणाले, "ती थांब्यावर बसायची."

"कुठल्या थांब्यावर?"

"आमच्या साइटसमोर. बसच्या. साडेनवाला येऊन बसायची. बस यायच्या, जायच्या, ही चढायची नाही. एकदा अकरा बस मोजल्या मी."

"आणि मला बोलला नाहीत?"

"मला वाटलं, मैत्रिणीची वाट बघत असेल."

"चार-चार महिने?"

"तेवढ्या उंचीवरून नुसतं डोकं आणि डब्याची पिशवी दिसते गं. चेहरा कुठे दिसतो? आणि म्हटलं, काही असतं तर तुला कळलं असतं. तू जवळून बघतेस."

मी आणखी तोंड सोडणार होते. पण तेवढ्यात मला त्या पँटी आठवल्या. कामावर घालायच्या तिच्या तीन पँटी तिने माझ्याकडे दिल्या होत्या, कमरेतून लहान करायला. आधी दोन बोटं. महिन्याने आणखी दोन. मग पुन्हा तीन. प्रत्येक वेळी टाचण्या तिनेच लावून आणल्या आणि मी टाचणीवरून शिवण घातली. इतकी साफ, की उलटी करून बघितली तरी कळू नये. मला त्या शिवणीचा अभिमान वाटला होता. सात बोटं उतरलेल्या लेकीला मी म्हणाले होते, "थांब, इस्त्री फिरवून देते."

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो अंधार माझा होता. यांना बस माहीत होत्या, मला बोटं माहीत होती. रोज शेजारी बसून जेवताना एकाने तोंड उघडलं असतं तर लेक घरात असती.

फोन टेबलावर ठेवून आम्ही तो दोघांना ऐकू येईल असा लावला.

"जेवलीस?" सवयीने मी तेच विचारलं.

"हो."

"तुझ्या ऑफिसातली मुलगी आली होती. खोकं घेऊन."

हे फोनवर वाकले. "बाळा, तू थांब्यावर बसायचीस. मी बघत होतो."

"माहीत आहे, बाबा. म्हणून तर तिथे बसायचे. रोज तुम्हाला हात करायचे."

हे म्हणाले, "मला वाटलं, केस सारखे करतेस."

ती हसली, की रडली, कळलं नाही. यांनी फोन माझ्याकडे सरकवला, म्हणून मी मध्ये पडले. आवाज मात्र रागावल्यासारखाच लागला, मेला माझा आवाजच तसा. "आणि त्या पँटी? सुई धरायला तुला मीच शिकवलंय. तुझी तू शिवू शकत होतीस. मग माझ्याकडे का टाकत होतीस?"

"वाटायचं, एकदा तरी माप घ्यायला उठशील."

मी टेबलाची कड धरली. "ये घरी. आत्ता ये. मी माप घेते."

"आता त्या घट्ट होतात, आई. इथल्या घरमालकीणबाईंनी उसवून दिल्या."

माझी शिवण उसवायला सोपी नसते. कोणी तरी परकी बाई माझ्या लेकीसाठी ते करत बसली होती, आणि मला तिचा हेवा वाटला, इतका की लाज वाटावी.

"जेवायला नीट घालतात का त्या?" मी विचारलं.

"घालतात," लेक म्हणाली. "समोर बसून."