पिसांच्या रेघा

फोटो हलला की चिमणीवाली मोबाईलला शिव्या घालायची. मोबाईल बिचारा मुका, तो कसला उलटून बोलतोय! खरं काय ते तिला पक्कं ठाऊक होतं आणि ते घरात कुणाला कळू नये म्हणून सकाळपासून तिचा जिवाचा आटापिटा चालला होता. तिचे हात थरथरायला लागले होते.

अंगठ्याएवढ्या लाकडी चिमण्या रंगवणं हे तिचं काम. मनगट उपड्या वाटीवर टेकवायचं, श्वास धरायचा आणि चार केसांच्या कुंचल्यानं पंखावर एकेक पीस काढायचं. अख्खी गल्ली तिला चिमणीवालीच म्हणे. तिच्या आईचे हातही आधी असेच नुसते थरथरले होते. मग पोलक्याची बटणं लागेनात, मग चमचा तोंडापर्यंत जाईना. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून चिमणीवाली आताशा घरात मुठी आवळूनच हिंडायची. आणि नेमका आताच भेटवस्तूंच्या दुकानाच्या मालकीणबाईंचा निरोप आला होता. नव्या चिमण्यांचे अगदी जवळून काढलेले फोटो संध्याकाळपर्यंत पाठवा, पसंत पडले तर दर्शनी काचेतला एक कप्पा कायमचा तुमचा.

नवऱ्याच्या अंगात तर वारं शिरलं. कुलपं-किल्ल्यांचं दुकान बंद ठेवून तो मागच्या खोलीत स्टुडिओ उभारायला बसला. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खोटं नाही. पंख्याचं रिकामं खोकं आडवं ठेवून त्यानं दोन्ही बाजूंना आणि वर चौकोन कापले, त्यांवर बटर पेपर चिकटवला. बाहेरून दोन टेबल लॅम्प लावले. आत पांढरा कार्डशीट पाठीपासून तळापर्यंत असा वाकवून बसवला की कोपऱ्याची रेघ दिसू नये. थाट असा, जणू आत हत्ती उभा करायचाय! वरच्या मजल्यावरून त्याची थोरली बहीणही आली होती. शाळेतून निवृत्त झालेली बाई, बोलायची कमी आणि बघायची फार. ती खिडकीला जाड चादर लावत होती.

चिमणीवालीनं चिमणीच्या पायाशी मातीचा बारीक गोळा दाबून तिला उभं केलं आणि मोबाईल दोन्ही हातांनी घट्ट धरला. फोटो हलला. परत काढला, परत हलला.

"नाचता येईना अंगण वाकडं," नवरा हसत म्हणाला. "इकडे दे, मी काढतो."

"नको. या मोबाईलचंच काहीतरी बिघडलंय."

तिनं दिला नाही. त्याचा फोटो नीट आला असता तर मग काय सांगायचं होतं?

"स्टँडवर लाव ना," नणंद चादरीला चिमटा लावत म्हणाली. "आणि टायमर ठेव. बटण दाबून बाजूला व्हायचं, कुणी हातच लावायचा नाही."

चिमणीवालीचा जीव भांड्यात पडला. एवढी सोपी युक्ती, आणि आपण सकाळपासून मरतोय! टायमर लावला, तिघं मागे सरली, क्लिक झालं. फोटो लख्ख आला. नवऱ्यानं टाळी वाजवली, फोटो लॅपटॉपवर घेतला आणि चिमणी हातभर मोठी केली.

तेव्हा पंखावरच्या रेघा दिसल्या. सरळ उतरायला हव्या होत्या, त्या उसवलेल्या शिवणीसारख्या वेड्यावाकड्या गेल्या होत्या. एक नाही, सगळ्या.

"रंग ओघळलाय का गं?" नवऱ्यानं विचारलं.

"बल्ब पिवळा आहे, त्यानं तसं दिसतं. पांढरा आण जा."

तो गेल्यावर ती कपाटाशी गेली आणि गेल्या वर्षीची चिमणी काढून आणली. तिची पिसं कशी मोजून घ्यावीत अशी होती. पण ती मातीच्या गोळ्यावर उभी राहीना. बोटं थरथरली, चिमणी आडवी झाली. पुन्हा उभी केली, पुन्हा आडवी.

"जुनी ना ही?" नणंदेनं विचारलं.

"हिची पिसं नीट दिसतात."

"आणि बाईंनी अजून मागितल्या म्हणजे? कपाटातून किती दिवस पुरवशील?"

चिमणीवालीनं आडवी पडलेली चिमणी खोक्याबाहेर काढली. सकाळपासून दडवलेलं शेवटी बाहेर पडलं. "ताई, माझे हात थरथरतात."

"माहितीये मला."

"कधीपासून?"

"तू मला चहा अर्धाच कप आणून द्यायला लागलीस तेव्हापासून. आधी वाटलं, दुधात काटकसर चाललीय." नणंद जवळ येऊन बसली. "मग कप बशीवर वाजताना ऐकला."

चिमणीवालीला हसू आलं आणि रडूही. "आईसारखं झालं असेल तर? मला फार भीती वाटते हो."

"वाटणारच. झालं असेल, नसेलही. ते डॉक्टर सांगतील, खोक्यात बघून कसं कळणार? उद्या सकाळी मी येते बरोबर."

नवरा बल्ब घेऊन आला तेव्हा तिनं त्यालाही सांगितलं. बल्ब हातात तसाच धरून तो म्हणाला, "अगं, ते अंगणाचं मी... मला माहीत असतं तर..." तिनं त्याच्या हातातला बल्ब घेतला आणि स्टुलावर ठेवला.

मग जुनी चिमणी तिनं परत कपाटात ठेवली आणि नव्यांतली पुढची उचलली. चिमणी तिच्या बोटांबरोबर थरथरत खोक्यात गेली. मदतीला कुणी हात पुढे केला नाही, आणि तेच तिला बरं वाटलं. खूप वेळानं चिमणी उभी राहिली.

"लाव टायमर," ती म्हणाली.

फोटो पाठवताना तिनं खाली एक ओळ लिहिली. अक्षरं चुकत होती, ती पुसून परत लिहीत होती. नवऱ्यानं मोबाईल मागितला नाही. ओळ अशी होती: या चिमण्या माझ्या आत्ताच्या हातच्या आहेत, पिसं जवळून बघून मग ठरवा.