झाकणावरची पहिली ओळ

टीना खोलीत शिरली आणि चारुदत्त खुर्चीवरून उठला.

बैठकीला पाच-सहा जण असतील, एवढं बैठक बोलावणाऱ्या मेधाने त्याला सांगितलं होतं. काही नशा करणारे, काही नशा सोडलेले, एखाद-दुसरे घरचे. टीना येणार हे तिने सांगितलं नव्हतं, कारण टीना कोण हे तिला माहीतच नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी, २००४ च्या हिवाळ्यात, चारुदत्तचा मुलगा अभिनव पापाकुरा उपनगरातल्या एका भाड्याच्या घरात वारला. मॉर्फिन टोचून घेतल्यावर त्याचा श्वास मंदावत थांबला. तेव्हा त्याच्याजवळ फक्त टीना होती. ती त्याला तसाच टाकून बाहेर पळाली. रस्त्यावरच्या फोनवरून तिने अ‍ॅम्ब्युलन्सला कळवलं खरं, पण नाव न सांगता, आणि फार उशिरा. चारुदत्तने तिच्याविषयी जे जे माहीत होतं ते पोलिसांना सांगितलं. तिच्या खोलीत माल सापडला आणि ती तुरुंगात गेली.

"ही इथे बसणार असेल तर मी निघालो," तो मेधाला मराठीत म्हणाला.

शब्द कळले नाहीत तरी अर्थ सगळ्यांना कळला. हेमी नावाचा एक वयस्कर माओरी गृहस्थ कोपऱ्यात बसला होता. तरुणपणापासून टोचत आलेला, आता त्याऐवजी मेथाडोन या डॉक्टरी औषधावर असलेला. त्याने नुसती मान वळवून दाराकडे पाहिलं, जायचं तर जा असं. त्या पाहण्यानेच चारुदत्त परत खाली बसला. आपण गेलो तर ही माणसं सगळं आपल्या सोयीने ठरवतील, असं त्याला वाटलं.

ठरवायचं होतं ते एका डबीबद्दल. मेधा मूळची नाशिकची, नर्सिंग शिकायला इकडे आली आणि इथलीच झाली. वापरलेल्या सुया घेऊन नव्या देणाऱ्या केंद्रात ती काम करायची. नालोक्सोन नावाचं औषध टोचलं की मॉर्फिनचा अंमल काही वेळ उतरतो आणि बंद पडत चाललेला श्वास परत सुरू होऊ शकतो. ते औषध बहुतेक हॉस्पिटलात नाहीतर अ‍ॅम्ब्युलन्समध्येच असायचं. ते घरी नेता येईल अशा डबीत द्यायचं, निदान थोड्या लोकांना, थोडे दिवस देऊन बघायचं, अशी परवानगी केंद्राने खटपट करून मिळवली होती. डबी कशी असावी हे ती उघडणाऱ्यांनीच सांगावं, असा मेधाचा हट्ट होता.

तिने नमुना म्हणून आणलेली पांढरी डबी कोणालाच आवडली नाही. लांबूनच औषधाची दिसते, पोलीस झडतीत पहिली हीच उघडतील, हेमी म्हणाला. त्याला चष्म्याच्या घरासारखं काहीतरी हवं होतं, साधं, काळं. चारुदत्तला ते पटलं नाही. लपवालपवीनेच माणसं मरतात, असं त्याने सुनावलं. काचेची इवलीशी बाटली थरथरत्या हातांनी फुटेल, सूचना शब्दांऐवजी चित्रांत हव्यात, यावर मात्र वाद झाला नाही. टीना पहिल्या दिवशी एकदाही त्याच्याकडे पाहून बोलली नाही.

फ्लॅट बुश उपनगरातल्या घरी परतल्यावर त्याच्या बायकोने, विभावरीने विचारलं, "त्या लोकांत जाऊन बसलात?" अभिनव हार्ट अटॅकने गेला, असं तिने सगळ्या ओळखीच्यांना सांगितलं होतं आणि ते ती आता स्वतःही मानू लागली होती. टीना भेटल्याचं चारुदत्तने तिला सांगितलं नाही.

पुढच्या बैठकीत झाकणाचा विषय निघाला. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत काय लिहायचं? चारुदत्त तयारी करून आला होता. 'आधी १११ ला फोन करा. सोडून जाऊ नका.' १११ म्हणजे इथला अ‍ॅम्ब्युलन्सचा आणि पोलिसांचा नंबर. तो हे मोठ्याने वाचत होता, पण बघत टीनाकडे होता.

हेमी म्हणाला, असं झाकण पाहिलं तर निम्मे लोक डबी उघडणारच नाहीत. अ‍ॅम्ब्युलन्सच्या मागोमाग पोलीस येतील, याच भीतीने माणसं फोन टाळतात. त्याने सुचवलं, खाली लिहा: फोन करताना एवढंच सांगा, की माणूस बेशुद्ध आहे आणि श्वास घेत नाही. ते खरंच असतं. काय टोचलंय ते आलेल्या माणसांना सांगा, फोनवर कशाला?

चारुदत्तने याला पळवाट म्हटलं. आधीच भेकड असलेल्यांना आणखी भेकडपणा शिकवायचा का, असं त्याने विचारलं.

तेव्हा टीना बोलली. आवाज चढवला नाही तिने.

"तो घोरत होता. मला वाटलं झोपलाय. झोपलाय म्हणून मी खूश होते. मग घोरणं थांबलं. मी त्याला थोबाडीत मारल्या, अंगावर पाणी ओतलं. मग घाबरले आणि पळाले. हे मी कोर्टातही सांगितलंय. पण तुम्ही कधी सांगितलंत का, त्याला तुम्ही कुठे पाठवलं होतं?"

चारुदत्त म्हणाला, त्याचा इथे काय संबंध?

"तीन महिने भारतात. मामाकडे. तिथे त्याने काहीच घेतलं नाही. परत आला आणि पूर्वी घ्यायचा तेवढंच घेतलं. त्याचं शरीर ते विसरलं होतं. त्याला कोणी सांगितलं नाही. मलाही माहीत नव्हतं. तुरुंगात कळलं, कारण सुटून बाहेर गेलेल्या बायका अशाच मरतात."

चारुदत्तने मेधाकडे पाहिलं.

"खरं आहे हे?"

"हो काका," मेधा म्हणाली. "खंड पडला की सवय उतरते. सगळ्यात जास्त धोका तेव्हाच असतो."

त्याला विमानतळावरचा अभिनव आठवला, गालांवर मांस चढलेला, मामीने दिलेली लोणच्याची बरणी पोटाशी धरून चाललेला. मुलगा परत मिळाला म्हणून तो आणि विभावरी त्या दिवशी किती खूश होते. सावध राहायचे दिवस तेव्हाच सुरू झाले होते.

मग त्याने एक मागणी केली. डबीत जो कागद असेल त्यात घरच्यांसाठी वेगळं लिहा. तुरुंगातून, उपचारातून किंवा परदेशातून परतलेल्या माणसाला पूर्वीचा डोस मारू शकतो, असं स्पष्ट लिहा. हेमीने मान हलवली. १११ झाकणावर पहिल्या ओळीत राहिलं, खाली हेमीचे शब्द आले. चारुदत्तने त्या शब्दांच्या विरोधात मत दिलं आणि ते वाया गेलं.

शेवटच्या बैठकीनंतर तयार डब्या वाटल्या गेल्या, काळ्या, चष्म्याच्या घरासारख्या. टीनाने आपली घेतली. बाहेर गाड्यांपाशी ती त्याच्याजवळ येऊन थांबली. कदाचित तिला वाटलं असेल, आता हा काही बोलेल.

"मी तुला माफ केलेलं नाही," चारुदत्त म्हणाला.

"मी माफी मागितलीच नव्हती," टीना म्हणाली. "मला आत टाकलंत, ते मीही विसरणार नाही." आणि ती स्टेशनकडे चालू लागली.

तो गाडीत बसून राहिला. मेधाने त्यालाही एक डबी देऊ केली होती. आमच्या घरात आता कोणासाठी, असं म्हणून त्याने ती घेतली नव्हती. पण खरं कारण आतला कागद होता, तो विभावरीच्या हाती पडायला नको होता. अभिनवला साताऱ्याला आपल्या भावाकडे पाठवायचं विभावरीने सुचवलं होतं. त्याची तिकिटंही तिनेच काढली होती, मोठ्या आशेने.

घरी ती कणीक मळत होती. मान वर न करता तिने विचारलं, काय ठरवलंत एवढ्या दिवसांत?

"डबीचा रंग," तो म्हणाला. "काळा ठरला."

"एवढ्यासाठी इतके हेलपाटे?"

"हो," चारुदत्त म्हणाला, आणि हात धुवायला आत गेला.