गाबुतचा अर्थ सोमवारी

यंदा शाळेच्या भित्तिपत्रकाची संपादक मी आहे. निंग्रुम, दहावी ब; घरी मोठी माणसं 'नडुक' म्हणतात, म्हणजे पोरी. मागच्या वर्षी हजेरी देतानाही मला घाम फुटायचा, आणि आता सरसुद्धा फलकावर सूचना लावायची तर मला विचारून लावतात.

पहिल्याच अंकात मी आम्हा पोरांच्या बोलीतले शब्द घेतले. एक शब्द, खाली एक वाक्य, आणि तळाशी ठळक अक्षरांत, 'अर्थ ओळखा, उत्तरं सोमवारी.' वाक्यं घरातलीच. 'मागेर' म्हणजे जागचं हलायचा कंटाळा, तो शब्द आमच्या मांजराला दिला. 'गाबुत' दिला पाकदेंना. पाकदे म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, वागिमन. एकतीस वर्षं गावच्या रेल्वे फाटकावर आहेत. मी लिहिलं, 'दुपारी दोन ते चार गाडी नसते, तेव्हा वागिमन पाकदे फाटकावर गाबुत असतात.'

आमच्यात गाबुत म्हणजे हाताला काम नाही आणि वेळ जाता जात नाही. मी तर दिवसातून दहादा गाबुत असते.

शनिवारी पालक प्रगतिपुस्तकं न्यायला आले. आईबाबा दुकानात अडकले होते, म्हणून पाकदे आले, ठेवणीतला बाटिकचा शर्ट घालून. ते फलकासमोर थांबले तेव्हा मी लांबून खुशीत बघत होते. शेजारी एक म्हातारे पोस्टमन उभे होते. ते हसले. "काय वागिमन, घरच्यांनीच फोडलं की."

पाकदेंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. प्रगतिपुस्तक माझ्या हातात दिलं. "गणितात बरे आहेत," म्हणाले आणि सायकलवर बसून गेले.

त्या संध्याकाळी ते चहाला आले नाहीत. ते एक दिवस चुकवत नाहीत. आईने त्यांच्यासाठी तळलेली केळी झाकणाखाली मऊ पडली.

रविवारी जेवताना मी बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, "लिहिलंस काय ते सांग आधी." मी वाक्य म्हणून दाखवलं. त्यांचा हात ताटातच राहिला.

"गाजी बुता, नडुक. आंधळा पगार. त्याचंच आमच्या वेळी गाबुत झालं. काम न करता पगार खाणाऱ्याला म्हणायचे. पुढच्या महिन्यात दादाचा निरोप समारंभ आहे, आणि तू गावाला सांगितलंस की तो एकतीस वर्षं फुकटचं खातोय."

"पण आता तसा अर्थ नाही."

"तुझ्या वर्गात नाही. काल त्या फलकासमोर वर्ग उभा होता का?"

मी हात धुतले आणि तशीच फाटकावर गेले. दोन वाजून गेले होते. पाकदे उकिडवे बसून फाटकाच्या दांड्याला ग्रीस लावत होते.

"पाकदे, मी गाढव आहे."

"संपादक आहेस," ते वर न बघता म्हणाले.

मी नवा अर्थ सांगितला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला.

"म्हणजे कंटाळा."

"त्याचा धाकटा भाऊ."

"मग तेही खोटंच आहे. हे धर." त्यांनी माझ्या हातात एक लोखंडी आकडा दिला.

चार वाजेपर्यंत मी रस्त्यावरच्या रुळांच्या खाचेतले खडे काढले, दिव्याची काच पुसली, दोन शेळ्या हाकलल्या. बोटं काळी झाली. गाबुत व्हायला फुरसतच नव्हती.

"उद्या ते वाक्य खोडते," मी म्हणाले.

"खोडू नको. खोडलेलं लोक दोनदा वाचतात. त्याच्या खाली लिही."

सोमवारी मी खाली लिहिलं, 'गाबुत. जुना अर्थ, काम न करता पगार खाणारा. नवा अर्थ, काम नसल्याने कंटाळलेला. वागिमन पाकदे दोन्ही अर्थांनी गाबुत नाहीत. संपादकाने स्वतः खडे काढून खात्री केली आहे.' मग सायकल काढून पोस्टमनच्या घरी गेले आणि त्यांना तेच तोंडी सांगितलं. म्हातारे म्हणाले, "पोरी, मला ठाऊक आहे गं." संध्याकाळी अंगणात सायकलची घंटा वाजली आणि आईने केळी तळायला घेतली.

महिन्याभराने पाकदे निवृत्त झाले. दुसऱ्याच दिवशी भर दुपारी दोन वाजता ते दारात उभे.

"नडुक, मी गाबुत आहे."

"कुठल्या अर्थाने?"

"पेन्शन लागलीय," ते खुर्ची ओढत म्हणाले. "दोन्ही."