तीन कड्यांचा संशय

मी साकाझाकींच्या भिंगांच्या कारखान्यातली मापाची काच बोलतेय. जवळ या, पण हात पुसून या. पुसलेत असं नुसतं सांगू नका, दाखवा. रागावू नका हं, माझा जन्मच संशय घेण्यासाठी झाला आहे.

तळहातावर मावेल एवढी मी गोल काच. एक बाजू सपाट, दुसरी किंचित खोलगट. कॅमेऱ्याचं भिंग घासून तयार झालं की त्यावर मला ठेवतात आणि पिवळ्या दिव्याखाली बघतात. माझा आकार आणि त्याचा आकार जुळला नाही, तर आमच्या दोघांच्या मध्ये गोल गोल कडी उमटतात. कडी जितकी जास्त, तितकं भिंग चुकलेलं. एक कडं म्हणजे किती, तर केसाच्या जाडीचे अडीचशे भाग करा, त्यातला एक. एवढ्याशा चुकीवरून मी भल्याभल्यांना रडवलं आहे.

मला घडवलं तेइझो साकाझाकींनी. लढाईत तोक्योवर बॉम्ब पडायला लागले तेव्हा त्यांचा दुर्बिणींचा कारखाना उचलून इथे डोंगरात, ओकायाला आणला होता. लढाई संपली, कारखाना बुडाला, बाकीचे परत गेले, हे राहिले. गावातल्या रेशमाच्या गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या. त्यांतल्या एकीची कोश साठवायची वखार त्यांनी भाड्याने घेतली आणि चार यंत्रं मांडली. १९४८ च्या हिवाळ्यात, गावाजवळचं तळं गोठलेलं असताना, त्यांनी मला चाळीस दिवस हाताने घासलं. उरलेल्या तुकड्यातून माझी एक धाकटी बहीण केली. ती कामाच्या बाकावर गेली, मी तपासणीच्या खोलीत.

आधी आम्ही दुर्बिणींची भिंगं केली, मग कॅमेऱ्यांची. वखारीची इमारत झाली, चार यंत्रांची साठ झाली. पण भिंगाभोवतीच्या कड्यावर नाव कोरलेलं असायचं दुसऱ्याच मोठ्या कंपन्यांचं. कोणी हळहळलं की तेइझो हसायचे. "नाव त्यांचं असू दे की. भिंग वाईट निघालं तर शिव्याही त्यांनाच!"

त्यांचा नियम एकच होता. माझ्यासमोर उत्तीर्ण झाल्याशिवाय एकही भिंग दाराबाहेर जायचं नाही. १९६९ मध्ये ते गेले, आणि नियमाचा देव झाला. नवीन वर्षाला माझ्यापुढे मोचीचे, म्हणजे कुटलेल्या चिकट भाताचे, दोन गोळे ठेवायला लागले. तपासणीचे प्रमुख मियासाका रोज सकाळी मला मऊ फडक्याने पुसायचे, मान लववायचे आणि मगच दिवा लावायचे. चौदा वर्षांत एक दिवस चुकला नाही.

देवपण मला मानवलं. मी सगळ्यांकडे वाकड्या नजरेने बघायला लागले. कोणी भिंग घेऊन आत आलं की मी मनात म्हणायचे, काय लपवून आणलंयस? काही कारागीर भिंग मुठीत धरून आणायचे. उबेने काच फुगते आणि थोडा वेळ खोटं बोलते. मियासाकांना ते ठाऊक होतं. ते म्हणायचे, "ठेव तिथे. थंड होऊ दे. तुझ्या लबाडीसकट."

फक्त एकीच्या भिंगांवर मला कधी बोट ठेवता आलं नव्हतं. ती तोकुए हामा.

तिची आई रेशमाच्या गिरणीत कोशांचा धागा सोडवायची. तोकुए सोळाव्या वर्षी आमच्याकडे आली. तेइझोंनी तिचे हात बघितले आणि माझी धाकटी बहीण तिच्या बाकावर ठेवली. प्रत्येक कारागीर आपलं भिंग आधी बाकावरच्या काचेने तपासायचा. दर काही वर्षांनी सगळ्या बाकांवरच्या या काचा बदलत आणि माझ्यावरून नव्या घडवत. तोकुएबाई मात्र म्हणायच्या, "माझी चांगली आहे. मोठ्या मालकांनी दिलेली आहे." त्या तिला वर्षातून दोनदा धुवायच्या, आईच्या जुन्या रेशमी किमोनोच्या तुकड्याने टिपायच्या, आणि एरवी कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. मला हे पटत नसे. एवढं काय जपायचं? नक्की काहीतरी आहे, असं वाटायचं.

१९८३ मध्ये एका बड्या कंपनीचं काम मिळालं. दूरचं जवळ आणणारं नवीन भिंग, आणि अट कडक. आधी तीन कडी चालायची, आता एकच. पहिल्याच आठवड्यात तोकुएबाईंची भिंगं माझ्याखाली आली आणि कडी उमटली. एक, दोन, तीन.

बाकी सगळ्यांची उत्तीर्ण, फक्त हिचीच नापास. मला काय आनंद झाला, आता सांगायला लाज वाटते. बघा, मी म्हणतच होते!

आमच्याकडे नापास भिंग ज्याचं त्यानेच हातोडीने फोडायचं, अशी रीत होती. आणि सकाळच्या सभेत कोणाची किती गेली ते मोठ्याने वाचायचं. रोज तोकुएबाईंचं नाव पहिलं. त्या रात्रंदिवस घासत होत्या असं नाही. उलट सावकाश, आणखी सावकाश. तरी तीन कडी. दोन महिन्यांत त्यांनी चौसष्ट भिंगं फोडली. फोडताना त्या डोळे मिटून घेत नसत. प्रत्येक तुकडा बघत.

"तोकुए-सान," एकदा मियासाका म्हणाले, "डोळे तपासून घ्या. पन्नाशी उलटली की होतं असं."

"डोळे ठीक आहेत."

"मग हात."

"हातही ठीक आहेत, मियासाका-सान. माझ्या काचेवर बघा, एकसुद्धा कडं नाही."

"तुमच्या काचेवर? आणि मोठ्या मालकांची काच खोटी?"

तोकुएबाईंनी मान खाली घातली. "तसं मी कसं म्हणेन," त्या म्हणाल्या.

तसं कोणीच म्हणू शकत नव्हतं. तेइझोंचे चिरंजीव योइची आता मालक होते. त्यांनी तोकुएबाईंना बोलावून गोड शब्दांत सांगितलं, की निवृत्तीला थोडीच वर्षं उरलीयत, आता दगदग नको, खाली पॅकिंगला बसा. पस्तीस वर्षं भिंगं घासलेली बाई खोक्यांत भुसा भरायला लागली. जेवणाच्या सुट्टीत बायका तिच्याशेजारी बसायच्या, पण भिंगांबद्दल बोलायच्या नाहीत. ते तिला जास्त लागायचं. तिचा बाक गेला आणि तिचं नावही गेलं. तिची काच तिने घरी नेली.

हिवाळ्यात माशी शिंकली. बड्या कंपनीने आख्खा माल परत पाठवला. फोटो मऊ येतात, कडा पुसट दिसतात म्हणे.

"तोकुएचीच भिंगं मिसळली असणार," योइची तावातावाने म्हणाले. "मियासाका-सान, वही काढा."

मियासाकांनी वही काढली. पहिलं पान, दुसरं, शेवटचं. पुन्हा पहिलं. मग ते फार हळू म्हणाले, "मालक, तिचं एकही गेलं नाही. तिची सगळी आपण फोडली."

त्या दिवशी त्यांनी मला पुसलं नाही. समोर बसून नुसते बघत राहिले. माझ्याकडे असं कोणी कधी बघितलं नव्हतं. ती नजर मला चांगली ओळखीची होती. ती माझीच होती. माझ्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता त्यांनी मला कापडात बांधलं आणि रेल्वेने मात्सुमोतोच्या प्रयोगशाळेत नेलं. सबंध वाटभर मी त्यांच्या मांडीवर होते. कापडाची गाठ ते पुन्हा पुन्हा चाचपत होते. मोठ्या मालकांची काच तपासायला नेणं म्हणजे त्यांच्या थडग्यापुढे उभं राहून तोंडावर खोटं म्हणण्यासारखंच होतं.

तिथल्या मुलीने मला यंत्राखाली ठेवलं. यंत्राला माझा आकार बघायला दुसरी काच लागत नव्हती, नुसता उजेड लागत होता. मला ते यंत्र पहिल्यापासून आवडलं नाही.

"मधे खोल गेलीय," ती म्हणाली. "तीन कडी. काका, हिला घासलं कोणी?"

"घासलं? हिला कोणी हातसुद्धा लावत नाही. मी फक्त पुसतो. रोज."

"कशाने?"

त्यांनी खिशातून घडी केलेलं फडकं काढलं. तिने ते भिंगाखाली धरलं. त्यांनाच बघायला सांगितलं. धाग्याधाग्यात घासायची पूड होती. फडकी धुतली जात होती ती घासण्याच्या खोलीतल्या पाण्यात. चौदा वर्षं रोज सकाळी मान लववून ते मला थोडं थोडं घासत होते.

आणि माझ्यावरून घडवलेल्या सगळ्या बाकांवरच्या काचा माझ्यासारख्याच चुकलेल्या. म्हणून सगळे उत्तीर्ण होत होते. खरी एकटी माझी धाकटी बहीण होती, आणि खरी एकटी तोकुए. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही म्हणतात. माझं तर सगळं आयुष्य कुसळं मोजण्यात गेलं. आख्ख्या जगाचा संशय घेतला, स्वतःचा एकदाही घेतला नाही.

मियासाकांनी सकाळच्या सभेत सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, फडकंसुद्धा दाखवलं. मग सगळ्यांच्या देखत ते तोकुएबाईंपुढे कमरेत वाकले आणि वाकलेलेच राहिले. शेजारी योइचीही वाकले.

तोकुएबाईंच्या बाहीला भुसा चिकटलेला होता. "चौसष्ट चांगली होती," त्या म्हणाल्या. "मी माझ्या हाताने फोडली." आणि मग त्या रडल्या, सात महिन्यांत पहिल्यांदा.

बाक त्यांना परत मिळाला. नवी मापाची काच त्यांनीच घडवावी, अशी योइचींनी विनवणी केली. पाच आठवडे लागले. दोनदा मात्सुमोतोला नेऊन तपासली. त्या स्वतः घेऊन गेल्या. काम झालं तेव्हा योइची शाई, कुंचला आणि ती काच ठेवायची लाकडी पेटी घेऊन आले. "पेटीवर तुमचं नाव लिहा, तोकुए-सान. बाबांच्या पेटीवर त्यांचं आहे."

त्यांनी कुंचला घेतला, बाही सावरली आणि ठळक अक्षरांत लिहिलं: पुढची तपासणी, एप्रिल.

"आणि नाव?"

"नाव लिहिलं की कोणी तपासत नाही," तोकुएबाई म्हणाल्या, आणि कुंचला धुवायला गेल्या.

आता तोकुएबाई नाहीत, मियासाकाही नाहीत. साकाझाकी हे नाव हल्ली भिंगांवर कोरलं जातं आणि लोक ते ओळखतात. मी पहिल्या मजल्यावर काचेच्या कपाटात आहे. खाली पाटी आहे: संस्थापकांच्या हातची मूळ काच. बाकी पाटीवर काही नाही. शाळांची मुलं येतात, मोठी माणसं येतात, आणि मियासाकांसारखी मान लववतात.

तुम्ही तसं करू नका, एवढंच मागणं आहे. कपाट उघडायला लावा, दिवा आणा, आणि माझ्यात किती कडी आहेत ती मोजा.