दारातून पाणी खेळवणारी मोटार

सी.पी.-बेरारच्या दिवसांत वऱ्हाडात मोटारी कमी अन् ऊन जास्त. माझी मोटार अमरावती-अकोला भाड्यानं धावायची. ऐन वैशाखात अमरावतीबाहेर एका गोऱ्ह्यानं तिच्या तोंडात शिंग खुपसलं. रेडिएटरच्या चिंध्या!

दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या सहदेव माळ्याच्या पोरीचं अकोल्यात लगन. माळ्याची पोर म्हटल्यावर मुंडावळ्या घरच्या मोगऱ्याच्या अन् पहाटे खुडलेल्या पाहिजेत, म्हणून सकाळची रेल्वे चुकणारच; सारी भिस्त माझ्या मोटारीवर. अन् व्याह्यानं बजावलं होतं, मुहूर्त टळला तर दुसरी सून पाहीन.

मी पत्र्याचे डबे करणाऱ्या बद्रुद्दीनकडे गेलो. "बद्रुभाई, नवा रेडिएटर मुंबईहून येईन तवा पोरगी म्हातारी होईन."

"मुंबई कायले?" तो म्हणाला. "चहा बशीत कावून ओततं तू? पसरला का निवते. तुया गाडीले पत्रा काय कमी हाय? पाणी पसरवू!"

सांजेपर्यंत त्यानं बॉनेट, मडगार्ड, दारं, साऱ्यांना आतून दुसरा पत्रा कथलाचा डाक लावून जोडला. इंजिनाचं तापलेलं पाणी या पोकळीतून गाडीच्या अंगभर फिरणार, वाऱ्यानं निवणार अन् परत इंजिनात.

सकाळी नवरी, तिची माणसं अन् मोगऱ्याच्या टोपल्या घेऊन निघालो. मूर्तिजापूरपर्यंत आम्ही चार वावटळी मागं टाकल्या. पण ऊन चढलं, वाराच तापला. नवरीची आत्या पार्बताबाई, तिनं मडगार्डावर पापड ठेवला. तो फुगून उडाला, वरून घारीनं नेला. इंजिन खदखदू लागलं.

सहदेव ओरडला, "मोटार हाय का तवा? नवरी भाजून देतं का व्याह्याले?"

पार्बताबाईनं मोगऱ्याच्या टोपल्यांवरचे ओले गोणपाट उचलले.

"आत्याबाई, फुलं सुकतीन!" मी म्हणालो.

"पोरगी सुकून राह्यली, ते दिसत नाही तुले?" तिनं गोणपाट बॉनेटवर, दारांवर पसरले, टोपल्या त्यांच्याखाली सरकवल्या अन् वाटेतल्या दर विहिरीवर वरून पाणी शिंपडवलं.

पत्रा असा निवला की काटेपूर्णेच्या पुलावर इंजिनाला हुडहुडी भरली. शिंकायलाच लागलं! शेवटी नवरीची गोधडी इंजिनावर पांघरली, तेव्हा कुठं गाडी पुढं सरकली. धुराला मोगऱ्याचा वास.

अकोल्यात मुहूर्ताला घटका उरली असताना पोचलो. व्याही रागानं पुढं आला, दाराला हात लागला, अन् तिथंच गाल टेकवून उभा राहिला. "काय गार हाय बाप्पा!" पाहता पाहता सारे वऱ्हाडी मोटारीला बिलगले, भटजी तर मडगार्डावर पालथे.

"अवो, मांडवात चला, मुहूर्त टळून राह्यला!" सहदेव रडकुंडीला आला.

"कोन जाते त्या भट्टीत?" भटजी उठायलाच तयार नाहीत. मग बॉनेटवरच अंतरपाट धरला. इकडच्या दारात नवरी, तिकडच्या दारात नवरा. मोगरा पहाटेसारखा टवटवीत होता.

अक्षता पडल्यावर व्याह्यानं दाराला गाल लावूनच हळूच विचारलं, "भाऊ, मोटार कवा नेतं?"

"नेतो ना," मी म्हणालो. "पयले भटजी काढून घ्या तिच्यावरून."