पोर कुणाच्या हाती

बारवी धरणाच्या पल्याड चांगोच्या वाडीत एक रीत आहे. पोर परगावी ठेवायची तर तिथल्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातात तिचा हात द्यायचा आणि म्हणायचं, आता ही तुमची. मगच मागे फिरायचं. असा माणूस भेटला नाही तर पोर घरी परत. विद्यापीठात शिकायला निघालेल्या लेकीला, भारतीला, चांगोने हे निघतानाच बजावलं होतं.

आता असा माणूस विद्यापीठात शोधायचा कुठे? ज्या माळावर चांगोने शेरडं चारली तिथेच हे उभं राहिलेलं, पण आज त्याला उगवत-मावळत कळेना. एका इमारतीत म्हणे नुसता किड्यांचा अभ्यास, दुसरीत दगडांचा, तिसरी सगळी पुस्तकांचीच. आत बस फिरते, बँक आहे, दवाखाना आहे, गावाचा पाटील तेवढा नाही.

"हितला मोठा मानूस कोन?" त्याने फाटकावरच्या वॉचमनला विचारलं.

"कशाचा मोठा, काका? हॉस्टेलचा वेगळा, डिपार्टमेंटचा वेगळा. सबसे मोठे कुलगुरू, पण ते मुंबईला गेलेत."

भारती भाताच्या जुन्या वाणांवर काय संशोधन करणार, ते डिपार्टमेंटच्या मॅडमनी छान समजावलं. राहण्याचं मात्र हॉस्टेलला विचारा म्हणाल्या. हॉस्टेलच्या मॅडमनी किल्ली दिली आणि लगेच पुढच्या मुलीला हाक मारली. टेबलाला वळसा घालून पोरीचा हात द्यावा तरी कसा? चांगोचं डोकं पार चक्रावलं. एवढा मोठा संसार, आणि सगळा बारभाईंचा कारभार.

"बाबा, राहू ना मी?" भारती आता रडकुंडीला आली होती.

तेवढ्यात त्याला हॉस्टेलच्या व्हरांड्यात एक पांढऱ्या केसांच्या आजी दिसल्या. बाकावर ताठ बसून त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मुलीला निरखत होत्या. हीच घरधनीण, चांगोने ठरवून टाकलं. मागचापुढचा विचार न करता त्याने भारतीचा हात त्यांच्या हातात ठेवला.

"आये, आता ही तुमची."

आजी गोंधळल्या, पण हात त्यांनी सोडला नाही. "अहो, मी इथली कोणी नाही. मी नाशिकची. ही शेजारी माझी नात, तिला सोडायला आलेय. हिला कुणाच्या भरवशावर ठेवून जाऊ, तेच सकाळपासून कळत नाहीये. तुम्ही कुठले?"

"मी ह्या डोंगरामागला."

चांगोच्या ध्यानात आलं, आपण पोर दिली ती आपल्याइतक्याच भांबावलेल्या माणसाकडे. भारतीला परत घ्यावं म्हणून त्याने हात पुढे केला.

आजींनी शेजारच्या नातीला जवळ ओढलं आणि तिचा हात त्याच्या तळव्यावर ठेवला. "मग तुम्ही जवळचे. ही राजसी. आता ही तुमची."

रीत चांगोच्याच वाडीची, तिला नाही कसं म्हणायचं? त्या पोरीचा हात भीतीने गार पडला होता. त्याने तो घट्ट धरला आणि भारतीकडे न बघता म्हणाला, "आयतवारी येतो. दोघींना बघाय."