डाय तेवढी कंपनीची

तुम्ही गहिनीनाथला मालक केलं नाहीत, साहेब. तुम्ही त्याला कामावरून काढलंत. हाकलताना गळ्यात हार घातलात, अंगावर शाल टाकलीत आणि बाकीच्यांना टाळ्या वाजवायला लावल्यात, म्हणून त्याला ते तीन वर्षं कळलं नाही. कायमची माणसं कमी करायची होती तर तोंडावर सांगायचं होतंत. भांडला असता, युनियनकडं गेला असता, निदान रडला तरी असता. तुम्ही त्याला हसत हसत घरी पाठवलंत. पाप मोठं ते हे.

नागापूरच्या एमआयडीसीत सोळा वर्षं त्यानं कंपनीची पत्रा दाबायची प्रेस चालवली, तुम्ही तिथले मॅनेजर. गावाहून रोज मोटरसायकलवर, थंडीत कानाला मफलर, उन्हाळ्यात तोंडाला उपरणं. एक दिवस तुम्ही त्याला केबिनमध्ये बोलावलंत, खुर्ची दिलीत, चहा पाजलात आणि म्हणालात, "नोकरी करून कुणी बंगला बांधलाय का रे गहिनी? पगारानं पोट भरतं, घर भरत नाही. राजीनामा दे. गावात शेड टाक. काम मी देतो. मालक हो."

सोळा वर्षांत त्या केबिनमध्ये तो कधी बसला नव्हता. त्या खुर्चीनंच त्याचं डोकं फिरवलं, असं त्याची बायको जयमाला अजून म्हणते.

तो सांगत आला तेव्हा जयमाला रानात कांदा काढत होती. सासू बनुबाई बांधाच्या कडेला बसून पात कापत होती. मुरमाड जमीन तापून तव्यासारखी झालेली, आणि हा गडी भर उन्हात पेढ्याचा पुडा घेऊन उभा.

"आजपास्नं मी मालक," तो म्हणाला.

"कशाचं मालक?" जयमालानं मान वर केली नाही.

"धंद्याचं! शेड टाकायची, प्रेस घ्यायची."

"काम कोन देनार?"

"कंपनी."

"पत्रा कुनाचा?"

"कंपनीचा."

"अन् झाल्याला माल घेनार कोन?"

"कंपनीच की!"

"मंग तुमी मालक कशाचं वो? जाया-यायाचं पेट्रोल वाचलं म्हना नुसतं."

बनुबाईला हसू फुटलं. "त्याचा बाप बी ह्येच्यावानीच. कुनी मोठ्या मानसानं पाठीवं थाप मारली, की घरी यिऊन दोन भाकरी जास्त खायचा."

"आये, तू गप. तुमाला बायामानसांला न्हाई कळायचं. संदीप बी भ्याला. म्हनला, मी न्हाई सही करनार. ऱ्हाईल जलमभर कार्ड पंच करत."

संदीप म्हणजे त्याच्या शेजारच्या प्रेसवरचा. जयमालाला तो भित्रा वाटला नाही. पण नवऱ्याचा चेहरा असा उजळलेला तिनं लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. ती गप्प बसली. तिची चूक झाली ती तिथं, आणि ती ते कबूल करते.

फंडाचा सगळा पैसा प्रेसमध्ये गेला. शेडला जागा हवी म्हणून घरामागची कांदाचाळ मोडली. चाळ गेली, म्हणजे कांदा निघाला की मिळेल त्या भावानं त्याच आठवड्यात विकायचा. तेही केलं. नारळ फोडायला तुम्ही आलात, पांढऱ्या गाडीतून. त्या दिवसापासून तो तुमचा गहिनीशेठ झाला. तुमच्यामागं टेम्पोतून डाय आली. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा पोलादी साचा, दोन माणसांना जेमतेम उचलणारा. तुम्ही तिच्यावर कुंकू टाकलंत आणि म्हणालात, "शेड तुझी, मशीन तुझी, नफा तुझा. डाय तेवढी कंपनीची."

चहाचा ट्रे घेऊन जयमाला उभी होती. म्हणाली, "म्हंजी चूल माझी, लाकडं माझी, तवा तेवढा तुमचा?"

"वहिनी भारी बोलतात!" तुम्ही हसलात. तुम्ही हसलात म्हणून गहिनीनाथही हसला.

पहिली दोन वर्षं बरी गेली, खोटं कशाला बोला. लाइट असली की प्रेस चालायची, दणादण, शेजारच्या पांदीपर्यंत आवाज जायचा. गडी टिकेना म्हणून जयमालाच प्रेसवर बसायला शिकली. पायानं पेडल, हातानं पट्टी, डोळा डायवर. बोटं सांभाळून दिवसाला हजार-हजार नग काढायची. घामानं पाठ चिकट झाली तरी आवाजावरून ओळखायची, डायला तेल लागतंय की नाही. मग तुमचा दर खाली आला. मग नग परत यायला लागले, बिलं अडकायला लागली. कधी कड वाकडी, कधी भोक बारीक. त्याच डायमधून, त्याच हातांनी काढलेले. गहिनीनाथ तुम्हाला फोन लावायचा, तर आधी उठून उभा राहायचा. फोनवर! जयमाला म्हणायची, "अवो बसा की, त्यांला काय दिसतंय?"

दिवाळीला संदीप आला. कंपनीत नवा करार झाला होता, त्याला पगारवाढ मिळाली होती. बिचारा ते सांगेचना, बनुबाईनं खोदून खोदून काढून घेतलं. गहिनीनाथनं लाडू तोंडात धरला तो कितीतरी वेळ गिळलाच नाही.

आणि मग चैत्रातली ती दुपार. वावटळ उठून शेडच्या पत्र्यावर खडे वाजत होते. टेम्पो आला, चालवणारा राहात्याकडचा वाल्मिक. मागून तुमची गाडी. तुम्ही उतरलात, रुमालानं मान पुसलीत. "गहिनीशेठ, डाय न्यायची आहे. वरून आदेश आहे. सोडून दे पटकन."

"व्हय साहेब," गहिनीनाथ म्हणाला. पाना घेतला आणि बोल्ट सोडायला वाकला. डाय गेली की प्रेस म्हणजे नुसतं लोखंड, शेड म्हणजे नुसती सावली, हे त्याला काय कळत नव्हतं? पण सोळा वर्षांची सवय हाताला. एक बोल्ट सुटला. दुसरा सुटला.

जयमाला बाहेर गेली, वाल्मिकला पाणी दिलं. "कुठं न्यायची वो डाय? कंपनीत?"

"न्हाई ताई, नव्या शेडला. सायबांच्या मेव्हन्याच्या. तुमाला न्हाई ठाव? मोठी शेड हाय, चार प्रेस. सहा म्हैनं झालं, आमीच कंपनीचा पत्रा पोचवतोय तितं."

सहा महिने. म्हणजे नग वाकडे म्हणून परत यायला लागले तेव्हापासून.

ती आत आली. गहिनीनाथ तिसऱ्या बोल्टवर होता. तिनं त्याच्या हातातून पाना काढून घेतला, कमरेला खोचला आणि प्रेसपुढं स्टूल ओढून बसली.

"आगं, पाना दे."

"न्हाई. इचारा ह्यांला, डाय कुठं चाललीय. वाल्मिकभाऊ म्हनत्यात, ह्यांच्या मेव्हन्याच्या शेडात."

गहिनीनाथनं तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही टेम्पोकडं पाहिलंत. तेवढ्यात त्याला सगळं कळलं.

आवाज ऐकून शेजारपाजारची माणसं गोळा झाली होती. बनुबाई काठी टेकत दारात येऊन उभी राहिली. तुम्ही आवाज बारीक केलात. "गहिनी, समजाव बायकोला. कंपनीची मालमत्ता आहे. पोलीस केस होईल." गहिनीशेठमधला 'शेठ' तिथंच गळून पडला.

गहिनीनाथनं तेलकट हात चड्डीला पुसले. पहिल्यांदा त्याच्या तोंडून व्हय साहेब निघालं नाही. "साहेब, मी तुमचा कामगार हुतो. ती न्हवती. तिला मी काय समजावनार?"

"तुझं बिल अडकेल. विचार कर."

"आडकलंयच की आत्ता," दारातून बनुबाई म्हणाली, "आनि कुटं आडकवताय?"

कुणीतरी हसलं. तुमचा चेहरा लाल झाला, उन्हानं म्हणा. जयमाला हसली नाही.

"साहेब, डाय तुमची हाय," ती म्हणाली. "आमाला दुसऱ्याचं ठिवायचं न्हाई. ऱ्हायल्यालं बोल्ट मी सवता सोडते, टेम्पोत चढवू बी लागते. पर आदी येक सांगा. धंद्यात येवढं सोनं हुतं, तर तुमी का न्हाई दिला राजीनामा? ह्यांला कपभर चा पाजून घरी बशिवलं. मेव्हन्याला चार प्रेसची शेड. अन् सवता पगाराच्या खुर्चीवं बसून ऱ्हायलात."

"वहिनी, तो विषय वेगळा आहे."

"येगळा कसा? ह्योच हाय. आमची चाळ मोडली, फंड गेला, नोकरी गेली. तुमचं काय गेलं? दोन्ही हातानं तुमीच घेताय. नोकरीत पैका न्हाई म्हनला हुता ना? मंग तुमची का धरून ठिवली?"

तुम्ही मोबाईल काढलात, नुसताच बघत राहिलात. बाहेर टेम्पो चालूच होता. वाल्मिकनं तो बंद केला.

"बोला की," जयमाला म्हणाली. "समदे ऐकत्यात. का न्हाई दिला राजीनामा?"